ही चाल कोणाची?

९ जानेवारी

धाकट्या,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण तुझा फोन कायम बंद लागतो आणि हा पत्ता तेवढा हाताशी आहे. नव्या कामावर फोन दारातच जमा करून घेतात म्हणालास. जाहिरातीचं काम इतकं गुप्त असतं का, असं तुझ्या दाजींनी मला विचारलं. मी म्हटलं, असेल बाबा.

आता मुद्द्याचं. तू शेवटचा आलास तेव्हा नाना नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते आणि तोंडातून नुसता हुंकार निघत होता. त्यानंतर मी थेरपीवाल्या बाई लावल्या. त्या म्हणाल्या, पक्षाघाताच्या झटक्यानं बोलण्याची वाट बंद झाली आहे, पण गाण्याची वाट वेगळी असते, ती शाबूत आहे. यांना एखादं पक्कं पाठ गाणं आहे का? मी सांगितलं, आहे की, त्यांनीच चाल लावलेलं. काच कारखाना बंद पडला तेव्हा फाटकापुढे बसून सगळे म्हणायचे ते. 'उजेड आहे पुढे, गड्या, हळूहळू चल.' बाईंनी त्याच चालीवर रोजचे शब्द बसवले. आता नाना 'पाणी हवे आहे मला, पाणी आण गं' असं गाऊन पाणी मागतात. उशी, औषध, संडास, खिडकी, सगळं त्या एका चालीवर. घरात दिवसभर संगीत नाटक चाललेलं असतं. हसू येतं, पण माणूस परत मिळाला रे.

मंगळवारी गल्लीत प्रचाराची गाडी आली. कर्ण्यावर गाणं लागलं होतं, 'उजेड आला दारी आता, ताईलाच मत.' चाल तीच. 'पुढे'वर नाना जरा जास्त रेंगाळतात ना, ते रेंगाळणंसुद्धा तसंच. मी नानांना भात भरवत होते. त्यांनी तोंड मिटलं ते परत उघडलं नाही.

आणि या ताईंची पार्टी कोणती, तर कारखान्याच्या भांडणात मालकाच्या बाजूनं उभी राहिलेली.

ही चाल कुठे छापलेली नाही. कारखान्यातली माणसं पांगली, निम्मी वर गेली. ती आता आपल्या घरातच उरली आहे. मग बाहेर गेली कशी? तुला काही माहीत असेल तर कळव. तू कुठल्या कंपनीच्या जाहिराती करतोस, तेही कळव.

अक्का


१७ जानेवारी

प्रिय अक्का,

पत्र मिळालं. नाना गाऊन बोलतात हे वाचून इतका आनंद झाला की बाजूच्या तबलजीलाही सांगितलं.

चालीचं म्हणशील तर इतकं मनाला लावून घेऊ नकोस. सूर मोजकेच असतात. एक चाल दुसरीसारखी निघते, आमच्या धंद्यात हे रोज होतं. प्रचाराची गाणी करणारे तर कानावर जे पडेल ते उचलतात. दोन महिन्यांनी मतदान झालं की ती गाडीही जाईल आणि गाणंही.

तरी तुला शंका आहेच, तर जरा घरात बघ. नानांकडे कोण कोण येतं? दाजींच्या दुकानात कुलपं दुरुस्तीला सगळ्या पार्ट्यांची माणसं येतात, तिथे कुणासमोर विषय निघाला असेल. दाजींचा स्वभाव मोकळा आहे. मी वाईट अर्थानं म्हणत नाही.

कामाचं काय सांगू, जाहिराती म्हणजे जाहिराती. साबण, टायर, काय येईल ते. जेवण वेळेवर मिळतं.

धाकटा


२३ जानेवारी

धाकट्या,

साबण आणि टायर. बरं.

काल गाडी आमच्या दाराशी बराच वेळ थांबली, चालक पान खायला गेला होता. त्यामुळे गाणं पुन्हा पुन्हा नीट ऐकता आलं. दुसऱ्या ओळीनंतर बासरी वर चढते आणि शेवटचा सूर न लावताच सोडून देते. शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून तू हेच करत आला आहेस. नाना तुला म्हणायचे, 'अरे, जिना चढलास तर दार तरी वाजव.' जगात बासरीवाले पुष्कळ असतील, पण दाराशी जाऊन परत फिरणारा तू एकटाच.

तेव्हा त्या गाण्याला हात तुझा लागला आहे. आता हे मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

आणि दाजींचं नाव घेण्याआधी जरा विचार करायचा होतास. तो माणूस रोज सकाळी नानांची दाढी करतो, दुकान उशिरा उघडतो. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं नाही. पण चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं, कारण दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

आणखी एक. तुझं पाकीट मला कडेला जाड जाड चिकटवलेलं मिळालं, जसं कुणी उघडून परत लावलं असावं. तुमच्याकडे पत्रं वाचतात का? वाचत असतील तर त्या वाचणाऱ्यालाही माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं चालीचं उत्तर तुला माहीत असेल तर तूच दे.

अक्का


३० जानेवारी

अक्का,

हो, हात माझा आहे.

हे प्रचाराचंच काम आहे. विरोधकांना गाणी आधी कळू नयेत म्हणून फोन काढून घेतात. पत्रं दारावरच्या माणसाच्या हातून जातात. तो उघडतो का, माहीत नाही. हे पत्र मी बाहेर चहाला गेलो तेव्हा स्वतः पेटीत टाकतो आहे.

आता मी गप्प का बसलो ते ऐक. आमच्या मॅनेजरनं मला एक ध्वनिफीत दिली. एका बाईनं वाद्यांशिवाय नुसती गुणगुणलेली चाल होती. म्हणाला, यावर गाणं बांध, शब्द येतायत. पहिल्या ओळीलाच मी ती ओळखली. मी विचारलं, कुठून आली? तो म्हणाला, वरून आली, तू वाजव. मला वाटलं, ही तू दिलीस. नानांचं आजारपण, दवाखान्याचं बिल, दाजींचं दुकान बेताचं. मला वाटलं अक्कानं दिली असेल आणि तिला ते मला सांगायचं नसेल. तुला तोंडावर विचारून खाली बघायला लावण्यापेक्षा मी बासरी वाजवली. तू मला चोर समजत होतीस तेव्हा मी तुला समजत होतो. आपण दोघंही नानांचीच मुलं.

दाजींची माफी मागतो. तू नाही म्हणतेस तर तो विषय संपला.

पण मग ती बाई कोण? आवाज वयस्कर आहे, सूर पक्का आहे, श्वास मात्र मध्येच तुटतो. घरात येऊन नानांबरोबर ही चाल रोज गाणारी एकच बाई मला माहीत आहे, आणि तीही तूच कळवलेली. थेरपीवाल्या बाई नानांचं गाणं फोनवर रेकॉर्ड करतात का? एवढं बघ.

धाकटा


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. का, ते सांगते.

बाई रेकॉर्ड करतात हे मला माहीत होतं. नानांची प्रगती ताडून बघायला करतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझं पत्र आलं आणि त्याच गोष्टीला वेगळाच वास यायला लागला. त्या आल्या तेव्हा मी त्यांना दारातच विचारलं की हे आवाज तुम्ही कुणाकुणाला ऐकवता. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, म्हणाल्या, बघून घ्या. मी म्हटलं, पुसलेलं कसं दिसणार? त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. चपला पायातच होत्या, तशाच वळून गेल्या. मी उद्यापासून येऊ नका असं म्हटलंही नव्हतं.

त्या गेल्यावर नानांशी गायला कुणी उरलं नाही. मला सूर नाही, दाजींना त्याहून नाही. गाडी मात्र सकाळ-संध्याकाळ यायची. हळूहळू नानांच्या तोंडातले शब्द बदलायला लागले. पाणी मागायला तोंड उघडायचे आणि यायचं, 'उजेड आला दारी आता'. स्वतःच दचकायचे. पुन्हा सुरू करायचे, पुन्हा तेच. गल्लीत बातमी पसरली की कारखान्याच्या फाटकावर बसलेला म्हातारा आता ताईचा प्रचार करतो. समोरचा शिंपी दुसऱ्या पार्टीचा आहे, त्यानं दाजींकडे बघणं सोडलं. एकदा पोरांनी खिडकीखाली उभं राहून नानांना ओळ सुरू करून दिली, पुढची त्यांच्या तोंडून निघाली की टाळ्या.

गेल्या शनिवारी दुपारी मी दुकानात डबा द्यायला गेले होते. नाना एकटे न्हाणीघरात गेले आणि घसरले. त्यांनी हाक मारली. म्हणजे जी निघत होती ती मारली. शिंपी, त्याची बायको, वरच्या मजल्यावरची मास्तरीण, सगळ्यांना ऐकू गेलं की नाना मोठमोठ्यानं 'ताईलाच मत, ताईलाच मत' गात आहेत. कुणी उठलं नाही. शिंप्यानं तर चिडून आपला रेडिओ मोठा केला. मी परत आले तेव्हा ते ओल्या फरशीवर पडले होते, ओठ निळे पडले होते, आणि तरीही तेच गात होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान नाही नाही अशी हलवली, पण तोंड थांबेना. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बापाच्या तोंडावर.

मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलं. शिंपी रात्री येऊन दाराशी उभा राहिला. म्हणाला, मला वाटलं ते मुद्दाम डिवचतायत. मी त्याला आत घेतलं, काय करणार. त्याचं तरी काय चुकलं?

आता नाना गातच नाहीत. तोंड उघडायलाच घाबरतात.

ती बाई कोण ते शोध. आता मला शंका नको आहेत.

अक्का


१८ फेब्रुवारी

अक्का,

ती बाई सापडली. तुझ्या थेरपीवाल्या बाई नव्हेत. त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं त्याचं मला कसंतरी होतंय.

काल ताई स्वतः आमच्या स्टुडिओत आवाहन रेकॉर्ड करायला आल्या. कानाला हेडफोन लावून मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. दुसऱ्याच वाक्याला त्यांचा श्वास तुटला, आणि मी ओळखलं. चाल गुणगुणणारी बाई म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही मतं मागतो त्याच.

काम संपल्यावर त्यांची माणसं गाडीकडे गेली, त्या पाणी प्यायला थांबल्या. मी नानांचं नाव सांगून म्हटलं, मी त्यांचा मुलगा. त्यांनी पेला खाली ठेवला. त्या कधीकाळी कारखान्यात पॅकिंगला होत्या, पेले गवतात गुंडाळायच्या, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. फाटकासमोर बसलेल्यांत त्याही होत्या. पुढे त्या पलीकडच्या पार्टीत गेल्या आणि नानांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, चाल नानांची आहे, तुम्ही विचारलंत का?

त्या म्हणाल्या, "चाल त्यांची, शब्द माझे. गाणं दोघांचं होतं. अर्धं मी घेतलं."

मी म्हटलं, शब्द तुमचे होते तर मग तेच का बदललेत?

"जुने शब्द मत मागत नाहीत," असं म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

मी नानांच्या पडण्याचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. पण अक्का, राजकारणातल्या बाईचं गप्प बसणं खरं किती आणि सरावाचं किती, हे मला कळत नाही. त्यांनी सांगितलेलं सगळंच बनावट असू शकतं. नाना तर बोलू शकत नाहीत, हे त्यांना आता मीच सांगून बसलो.

म्हणून एक कर. गाण्याला दुसरं कडवं होतं असं त्या म्हणाल्या. आपण ते कधीच ऐकलेलं नाही. त्याची पहिली ओळ अशी: 'काचेपल्याड उभा कोण, ओळखून घे.' पुढची ओळ त्यांनी मला सांगितली, पण मी तुला मुद्दाम लिहीत नाही. तू नानांना पहिली वाचून दाखव. पुढची त्यांच्याकडून आली तर बाई खरं बोलली.

धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

सकाळी दाजी दाढी करत होते तेव्हा वाचली. गायली नाही, नुसती वाचली. नानांनी डोळे मिटले. दाजींनी वस्तरा बाजूला घेतला. मग अर्ध्या साबणाच्या तोंडानं, किती दिवसांनी, नाना गायले:

'आपलाच आहे चेहरा तो, पुसून घे.'

बरोबर आहे का? बरोबरच असणार. त्या ओळीत प्रचाराचा एक शब्द शिरला नाही.

मग मी पत्रकावरचा तिचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो चांगल्या हातानं घेतला, बराच वेळ पाहिला आणि उशीशेजारी पालथा घातला. फाडला नाही. मी विचारलं, आईला माहीत होतं का हो? तर चक्क हसले. म्हणजे आता मला नवीन शंका, आणि ही दूर करायला कुणी जिवंत नाही. जाऊ दे.

बाई खरं बोलली, हे पटलं. पण खरं बोलल्यानं काय होतं? तिचं अर्धं तिनं नेलं ते ठीक. नानांचं अर्धं तिच्याबरोबर गेलं त्याचं काय? तिची निवडणूक संपेल. यांना उद्याही पाणी मागायचं आहे. हे तिला सांग. माझ्या शब्दांत सांग, तुझ्या बासरीसारखं अर्ध्यावर सोडू नकोस.

अक्का


२७ फेब्रुवारी

अक्का,

ओळ तीच.

तुझ्या शब्दांत सांगितलं. गाणं मागे घेता येणार नाही म्हणाल्या, सगळीकडे पोचलं आहे. आपल्या गल्लीत गाडी गाणं बंद करून जाईल, एवढं त्यांनी माझ्यासमोर फोन करून सांगितलं. जाता जाता विचारलं, मी त्यांना भेटायला येऊ का? मी विचारलं, एकट्या की फोटोवाल्यांसह? यावर त्यांचा मॅनेजर हसला, त्या हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी मला सांगण्यात आलं की उद्यापासून दुसरा बासरीवाला येणार आहे.

फोन परत मिळाला. पण आता पत्रांची सवय लागली आहे, आणि फोनवर तू मला इतकं बोलू दिलं नसतंस.

काही दिवस मित्राकडे आहे, त्याचा पत्ता पाकिटावर लिहिला आहे. घरी यायचं धाडस होत नाही. नानांना जे गाणं ऐकून ऐकून मुकं व्हावं लागलं, ते मी वाजवलेलं आहे.

धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

ताई निवडून आल्या, हे तुला कळलंच असेल. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा वाजवणारे खरंच थांबले. पण पलीकडच्या रस्त्यावर पुन्हा सुरू झालं ते इथपर्यंत ऐकू येत होतं. वारा थोडाच कुणाचा फोन घेतो. भेटायला त्या आलेल्या नाहीत. येतील असं नाना धरून आहेत की नाही, मला ओळखता येत नाही.

मी थेरपीवाल्या बाईंच्या घरी गेले होते. तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिन्यात दिवा नाही. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवलं होतं, दार उघडल्यावर सगळं विसरले. नुसतं म्हटलं, ते गप्प झालेत. त्यांनी आतून पर्स आणली आणि माझ्याबरोबर खाली उतरल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या की अजून राग आहे, पण तो तुमच्यावर, पेशंटवर नाही.

त्यांचं म्हणणं, जुनी चाल सध्या बाजूला ठेवायची, शब्द चिकटून बसलेत. दुसरं एखादं गाणं घ्यायचं. त्यांनी कितीतरी म्हणून दाखवली. नाना प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत राहिले. मला आधी वाटलं हट्ट आहे. मग कळलं, जे गाणं सगळ्यांना येतं ते उद्या कुणाच्याही गाडीवर लागू शकतं, याची त्यांना भीती बसली आहे. संशय घेण्यात आपण दोघं कुणावर गेलोत ते आता तरी कळलं का?

परवा बाई आवराआवर करत होत्या. नाना प्लास्टरच्या हातानं पलंगाच्या दांडीवर ठेका धरून बसले होते. एकदम त्यांनी काहीतरी सुरू केलं. बाईंनी पर्स खाली ठेवली. ते कुणाचंच गाणं नव्हतं. मी नव्हतं ऐकलं, त्यांनीही नव्हतं. नानांनी चाल लावली होती, धाकट्या. इतक्या वर्षांनी, पलंगावर बसून. दोनतीनदा नुसते सूर फिरवले आणि चौथ्या वेळी त्यांत शब्द आले. पाणी नाही, औषध नाही. 'धाकटा कुठं आहे गं, धाकटा कुठं आहे.'

चाल कशी आहे ते विचारू नकोस. पत्रात लिहिणार नाही, फोनवर ऐकवणार नाही. बाईंनी यावेळी रेकॉर्ड केली नाही, मी सांगितलं नव्हतं तरी. दाजी दुकानात गुणगुणायला लागले होते, त्यांना तंबी दिली आहे. तुझ्यावर आता माझा संशय नाही, तुझ्या हातांवर आहे.

तेव्हापासून नाना दिवसातून कितीदा तरी विचारतात. मी म्हणते, येईल. ते थोडा वेळ थांबतात आणि पुन्हा विचारतात. बाई म्हणतात, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर उत्तर त्याच चालीत द्यायला हवं. मी प्रयत्न केला तर नानांनी कानावर उशी घेतली.

तेव्हा उत्तर द्यायला तू ये.

अक्का